फोन जुना झाला, हे कोणी ठरवले?

वऱ्हाडातील मकतबांमध्ये मुलांकडून ज्या लहान सूरह सुरुवातीलाच पाठ करून घेतल्या जातात, त्यांपैकी एक सूरह तकासुर आहे. अवघ्या आठ आयतींची ही सूरह आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून मुखोद्गत असते आणि नमाजमध्ये ती आपण असंख्य वेळा वाचलेली वा ऐकलेली असते. तिचा आशय मात्र तितका सोपा नाही. अधिकाधिक मिळविण्याच्या चढाओढीने माणसांना असे गुंगवून टाकले आहे की ती कबरीपर्यंत पोहोचली तरी त्यांना भान येत नाही, असे तिच्या आरंभी सांगितले आहे. आणि शेवटच्या आयतीत बजावले आहे की त्या दिवशी तुम्हाला मिळालेल्या नेमतींविषयी तुम्हाला निश्चितच विचारले जाईल.

‘तकासुर’ या शब्दाकडे क्षणभर लक्ष द्यावे. त्याचा अर्थ केवळ विपुलता असा नाही. अरबी भाषेत शब्दाची ही घडण दोघांनी एकमेकांशी केलेल्या कृतीची असते. म्हणून तकासुर म्हणजे एकमेकांवर मात करण्यासाठी केलेली अधिकाची हाव. रानात एकटाच राहणारा मनुष्य कितीही लोभी असला तरी त्याला तकासुर करता येणार नाही. त्यासाठी शेजारी लागतो, मेहुणा लागतो, वर्गमित्र लागतो. आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याची किल्ली मला या एका शब्दात सापडते. आपल्या खिशातील मोबाईल फोन आपण किती वर्षांनी बदलतो आणि कशासाठी बदलतो, हा तो विषय. काही वाचकांना तो धार्मिक मासिकासाठी क्षुल्लक वाटेल. पण घरातील पैशाचा एवढा मोठा भाग ज्या वस्तूवर पुन्हा पुन्हा खर्च होतो आणि दिवसातील कित्येक तास जी हातात असते, ती वस्तू हिशेबाच्या दिवशी वगळली जाईल, असे मानण्यास मला तरी कोणताही आधार दिसत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. फोन ही नेमत आहे. वरूड-मोर्शीचा संत्रा बागायतदार दूरच्या बाजारातील भाव झाडाखाली उभा राहून विचारतो. अकोल्याच्या बाजार समितीत कापूस वा सोयाबीन नेण्यापूर्वी शेतकरी तेथील दर पाहून घेतो. अचलपूरची आई आखाती देशात कामाला गेलेल्या मुलाचा चेहरा रोज पाहते. तीस वर्षांपूर्वी तिच्या सासूला महिना-महिना पत्राची वाट पाहावी लागत असे. भाजीची हातगाडी लावणारा सुट्ट्या पैशांची कटकट न होता मोबदला घेतो. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि उत्तम वस्तू कोणी निषिद्ध ठरविल्या, असा प्रश्नच सूरह आराफच्या ३२ व्या आयतीत केला आहे. तेव्हा फोन वापरणे, चांगला फोन वापरणे, गरजेनुसार नवा घेणे, यांत काहीही गैर नाही. जे वक्ते व्यासपीठावरून फोनला सरसकट फितना म्हणतात आणि खाली उतरताच त्याच फोनवर आपल्या भाषणाची चित्रफीत पाहतात, त्यांच्याशी मी सहमत नाही.

प्रश्न त्यापुढचा आहे. आपल्याजवळ चालता फोन असताना आपण दुसरा का घेतो?

कारणे विचारली तर लोक जी सांगतात त्यांतील काही खरी असतात. फोनमधील बॅटरी हा रासायनिक पदार्थ आहे. ती रोज भरते आणि रिकामी होते, तसतशी तिची धारणक्षमता कमी होते. साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की ती मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, असे उत्पादकांनीच पूर्वी सांगितलेले गणित आहे. अलीकडच्या काही बॅटऱ्या याहून अधिक टिकतात. म्हणजे दोन-तीन वर्षांनी फोन दुपारीच मान टाकू लागला तर तो त्याचा दोष नव्हे, वय आहे. दुसरे खरे कारण सुरक्षेचे. कंपनीने सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती देणे थांबविले की त्या फोनवरून पैशाचे व्यवहार करणे जोखमीचे होते. काही सुविधाही बंद होतात. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइडच्या किटकॅट या २०१३ सालच्या आवृत्तीवर चालणे थांबविले. ज्याचा व्यवसाय अशा साधनांवर आहे, त्याने फोन बदलला तर त्याला कोणी उधळ्या म्हणू नये.

परंतु या खऱ्या कारणांची मर्यादाही आपण पाहावी. बॅटरी थकली तर बॅटरी बदलता येते. काच फुटली तर काच बदलता येते. चार्जिंगची पिन सैल झाली तर ती काही मिनिटांत बसविता येते. अकोल्यातील टिळक रोडच्या परिसरात किंवा अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास ही कामे करणारे कुशल हात आहेत आणि त्यांत आपल्याच मोहल्ल्यांतील कितीतरी तरुण आहेत. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपल कंपनीला जाहीरपणे मान्य करावे लागले की बॅटरी जुनी झालेल्या फोनचा वेग ती आज्ञावलीद्वारे कमी करीत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे होते. ते खरे मानले तरी ग्राहकाला ते आधी सांगितलेले नव्हते. कित्येकांनी ‘फोन म्हातारा झाला’ असे समजून नवा घेतला असेल. ज्याने फक्त बॅटरी बदलली त्याचा फोन पुन्हा पूर्ववत चालू लागला. त्यानंतर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर बराच कमी केला. सुरक्षेच्या बाबतही स्थिती बदलली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या वरच्या श्रेणीच्या नव्या फोनना सात वर्षे अद्ययावत ठेवण्याचे वचन दिले. सर्व स्वस्त फोनना हे लागू नाही, हे खरे. तरी यंत्राची उमर वाढते आहे, एवढे त्यावरून कळते.

यंत्र सात वर्षे चालू शकते आणि आपले मन मात्र दोन वर्षांतच त्याला विटते. हा जो मधला पाच वर्षांचा फरक आहे, त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात मिळणार नाही. ते सूरह तकासुरमध्ये मिळते. फोन बंद पडतो तेव्हा तो जुना होत नाही. शेजाऱ्याने नवा आणला की तो जुना होतो. दर सप्टेंबरला एक कंपनी नवा फोन सादर करते आणि त्या एका सायंकाळी जगभरातील कोट्यवधी सुस्थितीतील फोन, त्यांच्या एकाही भागात बिघाड न होता, जुने होऊन जातात. तो शब्द कोणी उच्चारला? वापरणाऱ्याने तर नव्हे.

या ठिकाणी इमाम मालिक (रह.) यांच्या मुअत्तामध्ये आलेला एक प्रसंग आठवतो. हजरत जाबिर (रजि.) मांस घेऊन चालले होते. वाटेत हजरत उमर (रजि.) भेटले. हे काय, असे त्यांनी विचारले. जाबिर (रजि.) म्हणाले की मांस खाण्याची इच्छा झाली, म्हणून एका दिरहमचे घेतले. एका दिरहमचे मांस! हराम नव्हे, उधारीचे नव्हे, दिखाव्याचे नव्हे. तरीही उमर (रजि.) यांनी त्यांना टोकले. आपल्या शेजाऱ्यासाठी किंवा चुलतभावासाठी स्वतःचे पोट थोडे आवळावे, असे तुमच्यापैकी कोणाला वाटत नाही काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी केला आणि सूरह अहकाफच्या २० व्या आयतीकडे लक्ष वेधले, जीत नरकासमोर उभ्या केलेल्यांना सांगितले जाईल की तुम्ही तुमच्या वाट्याच्या उत्तम वस्तू ऐहिक जीवनातच उपभोगून संपविल्या. ती आयत मुळात सत्य नाकारणाऱ्यांविषयी आहे. पण उमर (रजि.) यांनी ती दुसऱ्यांवर फेकण्याऐवजी स्वतःच्या समाजाला लावून पाहिली. हीच त्यांची थोरवी.

या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जाबिर (रजि.) यांनी दिलेले कारण. भूक लागली असे ते म्हणाले नाहीत, घरात आजारी माणूस आहे असेही म्हणाले नाहीत. इच्छा झाली, असे म्हणाले. त्यांचा प्रामाणिकपणा असा की त्यांनी इच्छेला गरजेचे नाव दिले नाही. आपण ते देतो. ‘कॅमेरा चांगला हवा’ असे म्हणतो आणि वर्षभरात काढलेल्या छायाचित्रांपैकी दहासुद्धा पुन्हा उघडून पाहत नाही. ‘मेमरी भरली’ म्हणतो आणि ती भरलेली असते सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी. ‘कामासाठी लागतो’ म्हणतो. ते काम आधीच्या फोनवर कधी अडले होते, हे आठवत नाही. वाचकहो, नवा फोन घेण्यापूर्वी फक्त एवढे करावे: कारण एका वाक्यात कागदावर लिहावे आणि ते वाक्य वाचून जाबिर (रजि.) यांच्याइतके खरे आहे का, ते पाहावे. इच्छा असेल तर इच्छा लिहावी. हलाल इच्छा पूर्ण करणे हा गुन्हा नाही. मात्र तिचे नाव बदलले की तिचा हिशेब करता येत नाही.

येथे कोणी विचारील की मग मोमिनाने फाटके कपडे आणि फुटकी काच मिरवावी काय? नाही. अल्लाहने दिलेल्या नेमतीचा प्रभाव त्याच्या दासावर दिसावा, हे त्याला आवडते, अशा आशयाची हदीस तिर्मिजीमध्ये आहे. आणि चांगले कपडे, चांगली पादत्राणे आवडणे म्हणजे अहंकार काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले की अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तेव्हा फरक किमतीत नाही. जो मनुष्य ऐपतीनुसार चांगला, महागही फोन घेतो, तो सहा वर्षे जपून वापरतो, बिघडल्यास दुरुस्त करतो, तो माझ्या मते दरवर्षी पंधरा हजारांचा नवा फोन घेणाऱ्यापेक्षा अधिक मध्यममार्गी आहे. सूरह फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांची जी ओळख सांगितली आहे, त्यांत ते ना उधळपट्टी करतात ना कंजुषी, यांच्या मधोमध राहतात, असे आहे. घरात स्वतःची पादत्राणे स्वतः दुरुस्त करणे आणि स्वतःचे कपडे स्वतः शिवणे ही प्रेषितांची (स.) सवय हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितली आहे. दुरुस्तीला कमीपणा मानणाऱ्या पिढीला ही सुन्नत मोठ्याने वाचून दाखविली पाहिजे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. ऐहिक बाबतीत आपल्याहून वरच्याकडे पाहू नका, खालच्याकडे पाहा, म्हणजे अल्लाहची देणगी तुम्हाला तुच्छ वाटणार नाही, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आशयाने आली आहे. पूर्वी वरच्याकडे पाहण्यासाठी मान वर करावी लागे. आता मान खाली घालून, अंथरुणात पडल्या-पडल्या, माणूस तासन्‌तास आपल्याहून वरच्यांकडेच पाहत असतो. त्यांची घरे, त्यांची लग्ने, त्यांचे प्रवास, त्यांचे फोन. म्हणजे फोन ही वस्तू अशी आहे की तीच आपल्याला तिच्या अपुरेपणाची जाणीव करून देत राहते. जुन्या सायकलने कधी नव्या सायकलची जाहिरात केली नव्हती.

आता पैशाकडे येऊ. २०२४-२५ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तीस हजारांचा एक फोन म्हणजे चार क्विंटल कापूस. दर्यापूर, अकोट वा बाळापूरकडे कोरडवाहू शेती करणाऱ्याला हे सविस्तर सांगण्याची गरज नाही. बियाणे, फवारणी, डवरणी, वेचणीची मजुरी वजा न करताच चार क्विंटल म्हणजे काय, हे तो जाणतो. दहा वर्षांत दर दोन वर्षांनी असा फोन घेतला तर दीड लाख रुपये झाले. पाच वर्षांनी घेतला तर साठ हजार, आणि मधल्या बॅटऱ्यांचे व किरकोळ दुरुस्तीचे काही हजार. उरलेल्या रकमेत एका मुलीचे पदविका शिक्षण होऊ शकते.

हे पैसे रोख नसतात, तेव्हा गोष्ट आणखी गंभीर होते. दिवाळी-ईदच्या सुमारास दुकानांवर ‘शून्य व्याज’ अशा पाट्या लागतात. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. क्रेडिट कार्डाच्या अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने झाकले जाते. ही कुठल्या मुफ्तींची नव्हे, देशाच्या मध्यवर्ती बँकेची भूमिका होती. आजच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांमध्ये बहुधा असे होते की व्याजाइतकी सूट विक्रेता किंवा कंपनी देते आणि बँक करारानुसार व्याज आकारतेच. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. कार्डाचे विवरणपत्र काळजीपूर्वक पाहिले तर व्याज हा शब्द तेथे छापलेला आढळतो. हप्ता चुकला तर दंड आणि पुढचे व्याज वेगळे. दुकानदार स्वतः, आरंभीच एक पक्की किंमत ठरवून, उशीर झाला तरी ती न वाढविता हप्त्याने वस्तू देत असेल तर अनेक फिकहशास्त्रज्ञांनी तो व्यवहार वैध मानला आहे. दोन्हींत फरक आहे. स्वाक्षरी करण्यापूर्वी कागद एखाद्या जाणत्या आलिमना दाखवावा. दुकानातील मुलाने ‘काही होत नाही, चाचा’ म्हटल्यावर विसंबू नये.

कर्जाविषयी वऱ्हाडातील माणसाला उपदेशाची गरज असू नये. या भूमीने सावकारीही पाहिली आहे आणि कर्जापायी विझलेली घरेही. याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावोगावी ऋण काढून सण साजरे करू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा, असेच सांगत फिरले आणि स्वतः एक फुटके गाडगे घेऊन वावरले. धर्म वेगळा असला तरी ते शहाणपण आपल्या परंपरेला परके नाही. बुखारीमध्ये हजरत सलमा बिन अकवा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आहे. एक जनाजा आणला गेला. याच्यावर कर्ज आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. तीन दीनार होते आणि मागे काहीच नव्हते. तुम्हीच आपल्या साथीदाराची नमाज अदा करा, असे सांगून ते थांबले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हा कुठे त्यांनी जनाजाची नमाज पढविली. तीन दीनार, तेही बहुधा निकडीचे. आपल्यापैकी कोणाच्या जनाजासमोर वारसांना सांगावे लागले की मागे राहिलेले हप्ते कॅमेऱ्याचे आहेत, तर ते काय म्हणतील?

आता मी घराच्या आत शिरतो, कारण या विषयातील सर्वांत मोठा अन्याय मला तेथे दिसतो. घरात नवा फोन येतो तेव्हा जुना कोठे जातो? तो खाली उतरतो. मुलगा नवा घेतो, त्याचा आधीचा वडिलांकडे जातो, वडिलांचा आईकडे, आणि आईचा तडा गेलेला, कानाला लावला की गरम होणारा फोन अखेरीस बहिणीकडे येतो. तोही ‘तुला कशाला हवा’ या वाक्यासह. २०२० च्या मार्चनंतर शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले, तेव्हा एकच फोन असलेल्या कितीतरी घरांत तो कोणाच्या हाती आधी गेला, हे प्रत्येकाने स्वतःच्या घरापुरते आठवावे. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत तर फोन असला तरी त्याला संपर्कजाळे मिळत नव्हते. तेथील मुलांची अडचण निराळी होती. आपल्या घरांत जाळे होते, फोनही होता. वाटपाचा प्रश्न होता.

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) सांगतात की त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि आईच्या आग्रहावरून प्रेषितांना (स.) तिचे साक्षीदार करण्यासाठी गेले. प्रेषितांनी (स.) विचारले की तू तुझ्या सर्व अपत्यांना असेच दिले आहेस काय? नाही, असे उत्तर येताच त्यांनी अल्लाहचे भय बाळगण्यास आणि अपत्यांमध्ये न्याय करण्यास सांगितले. बशीर (रजि.) परतले आणि त्यांनी ती देणगी परत घेतली. बुखारी आणि मुस्लिममध्ये असलेली ही हदीस आपण जमीन आणि सोन्याच्या वाटणीपुरती राखून ठेवली आहे. ती अठरा हजारांच्या फोनलाही लागू होते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला अभ्यासासाठी चालता फोन हवा असताना मुलाला खेळांसाठी वेगवान फोन मिळत असेल, तर तेथे प्रश्न फोनचा नाही, न्यायाचा आहे. गरज ज्याची मोठी त्याला आधी, इतका साधा नियम घरात लागू झाला तर फोन बदलण्याचे निम्मे प्रसंग आपोआप गळून पडतील, असा माझा अंदाज आहे.

आणि मुलगा हट्ट धरून बसला तर? ‘वर्गात सर्वांकडे आहे’ हे त्याचे कारण बहुधा खरे असते. त्याच्यावर ‘हराम’ म्हणून ओरडू नये. जे हराम नाही त्याला हराम म्हणणे हेही मोठे पाप आहे. त्याच्यासमोर घराचा महिन्याचा हिशेब मांडावा. बाजारात पोती वाहणाऱ्या किंवा ऑटो चालविणाऱ्या बापाने आपली कमाई मुलापासून लपवून ठेवणे आणि मग त्याने ऐपत ओळखावी अशी अपेक्षा करणे, हे दोन्ही एकत्र जमत नाही. मुले हिशेब समजतात. ती ज्याला भुलतात तो बापाचा संकोच असतो.

शेवटी त्या कप्प्याकडे वळू, जो जवळपास प्रत्येक घरात आहे आणि ज्यात जुने फोन पडून असतात. जकातच्या दृष्टीने वापरातील फोन हिशेबात येत नाही, विक्रीसाठी ठेवलेला येतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. सप्टेंबर २०२३ मध्ये चांदी किलोला ७० ते ७५ हजारांच्या आसपास होती. म्हणजे निसाब ४३ ते ४६ हजार रुपयांचा. त्याच महिन्यात बाजारात आलेल्या आयफोन १५ ची भारतातील आरंभीची किंमत ७९,९०० होती. तेवढी चांदी वर्षभर जवळ असलेला मनुष्य जकात देण्यास बांधील होता आणि त्याच्या जवळपास पावणेदोनपट मोल खिशात घेऊन फिरणारा त्या वस्तूपुरता मोकळा. शरीअतने ही मोकळीक दिली आहे ती मूलभूत गरजेची वस्तू म्हणून. मग कप्प्यातील दुसरा आणि तिसरा फोन कोणाची मूलभूत गरज भागवितो? हनफी फिकहनुसार गरजेपलीकडील वस्तूंचे मोल निसाबला पोहोचत असेल, तर त्या व्यापाराच्या नसल्या तरी सदका-ए-फित्र आणि कुर्बानी वाजिब होते, आणि असा मनुष्य जकात घेण्यास पात्र राहत नाही. पडून असलेल्या फोनची किंमत या हिशेबात धरण्याचे आपल्याला सुचतही नाही.

तो कप्पा या रमजानपूर्वी उघडावा. जे फोन विकायचे असतील ते विकावे, पण दोष सांगून. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर बोटांना ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला विचारले आणि फसविणारा आपल्यातला नाही, असे बजावले; ही हदीस मुस्लिममध्ये आहे. थकलेली बॅटरी ही त्या ओल्या धान्यासारखीच असते, बाहेरून दिसत नाही. विकण्यापूर्वी किंवा देण्यापूर्वी आतील छायाचित्रे आणि संदेश पूर्णपणे पुसून टाकावेत. घरातील स्त्रियांची छायाचित्रे अनोळखी हातांत जाणे हा अमानतीचा भंग आहे, मग तो निष्काळजीपणाने का होईना.

द्यायचे असतील तर दुरुस्त करून द्यावेत. सूरह बकराच्या २६७ व्या आयतीत ताकीद आहे की जी निकृष्ट वस्तू तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती अल्लाहच्या मार्गात द्यायला निवडू नका. फुटक्या काचेचा, तासाभरात बंद पडणारा फोन मोलकरणीच्या मुलाच्या हाती ठेवून सदका केल्याचे समाधान मानणे हे नेमके तेच आहे. नवी बॅटरी, नवी काच, चार्जर, आणि शक्य असल्यास दोन-तीन महिन्यांचे रिचार्ज करून तो एखाद्या विद्यार्थ्याला द्यावा. मोहल्ल्यातील दुरुस्ती करणाऱ्या तरुणांना मशिदीने महिन्यातील एक दिवस या कामासाठी विनंती केली तर ते नाही म्हणणार नाहीत. भागांचे पैसे आपण द्यावेत, हुनर त्यांनी.

जे फोन खरोखर संपले आहेत, ते घंटागाडीत टाकू नयेत. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. बॅटरीतील कोबाल्ट निम्म्याहून अधिक कांगोतून येते आणि तेथील खाणींत मुले राबताना आढळली आहेत; जी वस्तू मिळविण्यासाठी कोणाचे बालपण खर्ची पडले, ती राखेत मिसळू देणे बरे नव्हे. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे पोहोचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुना फोन परत कोठे घेतला जातो, याची विचारणा कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात करावी. फुगलेली बॅटरी असेल तर ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करून पाहू नये. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, वेगळी ठेवावी आणि लवकरात लवकर अशा केंद्रात नेऊन द्यावी.